गुरुवारी तीन देश माझ्यातून बघतात

मित्रांनो, मी एका रुग्णालयातला म्हातारा सूक्ष्मदर्शक. माझ्या डोळ्यांत डोळे घालून लोक तासन्‌तास बसतात, पण बघतात ते मला नव्हे, माझ्या पायाशी ठेवलेल्या काचपट्टीला! सुरुवातीला मला याचा फार राग येई. आता सवय झाली आहे.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. तिथल्या कारागिराने माझी भिंगे इतकी घासली की गुदगुल्यांनी माझा जीव नकोसा झाला. मग तिथल्याच एका मोठ्या रुग्णालयात मी कामाला लागलो. गाठीचा पापुद्र्यासारखा पातळ काप रंगवून काचेवर ठेवायचा आणि त्यातल्या पेशी मी मोठ्या करून दाखवायच्या. गाठ कॅन्सरची आहे का, असलीच तर कोणत्या कॅन्सरची, हे त्यावरून ठरे. डॉक्टर माझे तोंड भरून कौतुक करत. पुढे माझ्यापेक्षा देखणा, नवा सूक्ष्मदर्शक आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. काही वर्षे मी तिथे नुसती धूळ खाल्ली.

त्या रुग्णालयात आमच्या डॉक्टरबाई शिकायला आल्या होत्या. त्यांच्या गावात गाठी तपासणाऱ्या त्या एकट्याच, आणि हाताशी धड साधनही नाही. परत निघताना त्यांच्या पांढऱ्या दाढीवाल्या गुरूंनी मला त्यांच्या स्वाधीन केले. "म्हातारा आहे, पण नजर पक्की आहे," ते म्हणाले. माझ्याबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, हे मला अजून कळलेले नाही.

इथे आल्यावर माझ्या डोक्यावर कॅमेरा बसला आणि माझा भाव एकदम वधारला. दर गुरुवारी इंटरनेटवरून तीन देशांची बैठक भरू लागली. आमच्या बाई, दाढीवाले सर आणि तिसऱ्या एका देशातली एक तरुण डॉक्टर माझ्यातून एकच काचपट्टी बघत. पडद्यावर सर मफलर गुंडाळून बसलेले, तर तरुण डॉक्टरच्या डोक्यावर पंखा गरगरतोय. इथे दिवस कलायला आला तरी तिकडे सरांची न्याहारी चाललेली असे. तोंडात घास घेऊन ते "जरा डावीकडे सरकवा" म्हणत, आणि बाई बरोब्बर उजवीकडे सरकवत.

बैठकीचा एकच कडक नियम होता. रोग्याला ज्याने प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचे. त्याने आधी तोंड उघडले की बाकीच्यांनाही तेच दिसू लागते, असे सरांचे म्हणणे होते.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. त्यांच्या उजव्या दंडाच्या हाडात गाठ होती. हाडाचा कॅन्सर निघाला तर अख्खा हात काढावा लागणार होता. "कापडावर माझी कात्री कधी चुकली नाही," त्या बाईंना म्हणाल्या, "तुमच्या लोकांचीही चुकू देऊ नका." बोलल्या हसत, पण डावा हात काही उजव्यावरून काढत नव्हत्या.

त्या गुरुवारी बाईंचे चित्त थाऱ्यावर नव्हते. काचपट्टी ठेवल्या ठेवल्या त्या बोलून गेल्या, "हाडाचाच आहे हो. हात जाणार बिचारीचा."

"हो, तसंच दिसतंय," तरुण डॉक्टरने मान डोलावली.

सर मात्र खुर्चीत मागे रेलले. "बाई, तुम्ही आधी बोललात. आता मलाही तुमचंच दिसतंय. उठा सगळे, चहा पिऊन या. मग नव्याने बघू."

हा काय पोरखेळ, असे मला वाटले. पण परत आल्यावर बाई ओठ घट्ट मिटून बसल्या आणि काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवत राहिल्या. तरुण डॉक्टर पडद्याजवळ सरकली.

"एक बोलू? मघाशी मी उगाच हो म्हणाले," ती म्हणाली. "हाडाच्या कॅन्सरच्या पेशी वेडंवाकडं का होईना, हाड तयार करतात. इथे ते कुठेच नाहीये. मला हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, लिम्फोमा वाटतोय. तो असेल तर हात कापायला नको, औषधांनीच गाठ विरते. त्याची खास तपासणी आमच्याकडे होते. तुकडा पाठवून द्या."

मेणात बसवलेला तो तुकडा विमानाने तिच्या देशात गेला आणि इथली शस्त्रक्रिया थांबली. ते दिवस मला फार जड गेले. ताई येता-जाता दारातून डोकावत आणि "काही कळलं का हो?" एवढेच विचारत. अखेर पडद्यावर तरुण डॉक्टरचा चेहरा उमटला. ती हसू दाबत होती, त्यावरूनच मी ओळखले. लिम्फोमाच होता! बाईंच्या डोळ्यांतले पाणी थेट माझ्या भिंगावर पडले. एरवी मी कुरकुरलो असतो.

औषधे सुरू झाली. ताईंचे केस गेले, तोंडाची चव गेली, त्या साऱ्या जगावर वैतागल्या. पण गाठ विरत गेली आणि हात राहिला.

बऱ्या झाल्यावर ताईंनी तिन्ही देशांतल्या सूक्ष्मदर्शकांसाठी खोळी शिवल्या. माझी जराशी घट्ट झाली आहे. माप घेताना मी ऐटीत पोट आत ओढले होते, त्याचे हे फळ. थंड देशात खोळ पोचली त्या गुरुवारी सरांनी तिची कड आपल्या भिंगाखाली धरली. आमच्या पडद्यावर दोरखंडाएवढा दोरा दिसू लागला. टाके अगदी एका रांगेत होते. ताई मुद्दाम येऊन बसल्या होत्या.

"काय निदान, डॉक्टर?" त्यांनी विचारले.

सरांनी मफलर सारखा केला. "हात ठणठणीत आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, काम झाले की माझ्यावर खोळ घाला, हे तर मी सांगणारच. पण त्याहून कळकळीने एक मागतो. कोणी जाणते माणूस म्हणाले म्हणून लगेच मान डोलावू नका. आपल्या डोळ्यांनी बघा, आणि वेगळे दिसले तर संकोच न करता सांगा. तुमच्या त्या एका वाक्यावर कोणाचा तरी उजवा हात वाचतो.