पाण्याचा मिस्ड कॉल

गल्लीच्या नळाला पाणी कधी येईल हे देवालाही ठाऊक नसायचं, पण थोरलीला असायचं. नळ तिच्या दारालाच लागून होता. पाणी यायच्या आधी तो दोनदा खाकरायचा, आणि तो खाकरला की थोरली हातातलं टाकून बाहेर येई आणि अशी काही हाळी देई की गल्लीच्या टोकाची झोपलेली बाळं रडत उठत. पंधरा वर्षं हे चाललं होतं. कुणाची बादली आधी, कुणाची नंतर, कुणी किती भरायचं, सगळं तिच्या शब्दावर. बायका दिवसदिवस कामं बुडवून नळापाशी तिष्ठत बसत आणि थोरलीला वाटे, आपल्यासाठीच बसतात.

मग धाकटीने मिस्ड कॉलची टूम काढली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. मध्ये एक भिंत, दोन बिऱ्हाडं. धाकटी कोपऱ्यावरच्या शिवणाच्या कारखान्यात कामाला जायची. बोलायला मऊ, कामाला चपळ, आणि दिसायला तसं काही विशेष नाही, असं आपलं थोरलीचं मत. एका संस्थेने जुने, दुरुस्त केलेले बटणांचे फोन गल्लीत अगदी स्वस्तात दिले, तेव्हा बायका म्हणाल्या, फोन घेऊन करायचं काय, बोलायला पैसे कोण देणार? धाकटी म्हणाली, "बोलायचं कशाला? नुसता वाजवायचा!" पाणी सोडणाऱ्याने निघताना धाकटीला एक मिस्ड कॉल द्यायचा. धाकटीने सहाजणींना द्यायचा, त्यांनी आणखी सहा-सहाजणींना. उचलायचा कुणीच नाही. दहा मिनिटांत अख्खी गल्ली नळावर, आणि खर्च शून्य.

हे इतकं झकास चाललं की थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. इस्त्रीवालीने नवी गिऱ्हाइकं धरली, शाळेत झाडलोट करणारीचे खाडे बंद झाले, आणि नळ खाकरायच्या आत रांग लागायला लागली. थोरली बाहेर यायची, तोंड उघडायची आणि तसंच मिटून आत जायची. तिला कुणी वाईट बोललं नव्हतं. कुणी काही बोलतच नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

त्यात परदेशातून पाहुणे आले. गरिबाच्या घरात स्वस्तातला फोन कसा कामी येतो हे ते देशोदेशी हिंडून बघत होते म्हणे. त्यांनी धाकटीला शंभर प्रश्न विचारले, वहीत उतरवून घेतलं, माना डोलावल्या. चहा केला थोरलीने. फोटोच्या वेळी फोटोवाला अगदी हसून म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाजूला होता का?"

बाजूला! स्वतःच्या नळापासून! त्या दिवसापासून थोरलीला अन्न गोड लागेना. धाकटी कुणाशीही हसली की हिला वाटे, आपल्यालाच हसतेय. हिची एकदा, फक्त एकदाच, चारचौघींत फजिती होऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं.

ते मागणं एका मंगळवारी दाराशी चालत आलं. पाणी सोडणारा घामाघूम होऊन उभा होता. "बाई, माझा फोन खड्ड्यात पडला, गेला तो. धाकटीला निरोप द्या. आज अकरालाच सोडतोय, आणि तासभरच. पुढं लाइनचं काम आहे, मग उद्यापर्यंत थेंब नाही."

"सांगते," थोरली म्हणाली.

कारखाना दहा मिनिटांवर होता. थोरलीने भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. अकराला नळ खाकरला तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कारण फोन वाजल्याशिवाय घरी यायची गरज आता कुणालाच उरली नव्हती. थोरलीने नळाला नळी लावली आणि स्वयंपाकघरातलं आपलं पिंप भरलं. मग नळी बाहेर ओढली. नळ बंद करून ती आत आली आणि भिंतीला टेकून बसली. आतून गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोला?

चार वाजेतो फोन वाजला नाही, तशा बायका एकेक करून येऊ लागल्या. धाकटीही धावत आली. नळ फिरवला तर कोरडा. दोन बायकांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात इस्त्रीवालीने धाकटीच्या दाराबाहेरच्या पिंपाचं झाकण उचललं.

पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

ते थोरलीनेच भरलं होतं, आणि तिला ते आत्ता कळत होतं. धाकटी लग्न होऊन आल्यापासून, ती कामावर असताना, दोन्ही पिंपं थोरलीच भरत आली होती. आपलं भरलं की नळी शेजारच्या पिंपात, हे हाताला इतकं सवयीचं होतं की आज तो डोक्याला विचारायला थांबलाच नाही.

"वा गं वा!" इस्त्रीवाली कडाडली. "स्वतःचं भरून घेतलंस आणि आम्हाला साधी एक रिंग नाही? पोरांना काय पाजू आता?"

धाकटीने पिंपाकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहिलं, एकदाच. तिला सगळं कळलं, हे थोरलीलाही कळलं.

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली. "घाईत वाजवायचं राहून गेलं. आता असं करा, दोन-दोन तांबे न्या सगळ्याजणी. मला तांब्याभर ठेवा, बास."

बायकांचा आवाज खाली आला. इस्त्रीवालीसुद्धा नरमली. "जाऊ दे गं, चुकतं माणूस," ती म्हणाली. "पण कबूल केलंस हो. वर भरलेलं पिंप रिकामं करतेस. असं मन लागतं!"

मन! थोरलीच्या जिवाची लाही लाही झाली. पिंप भरलं कुणी आणि पुण्य कुणाला! पाप केलं तेही हिने आपल्या नावावर घेतलं, आणि त्याचंही कौतुक होतंय!

"खोटं बोलतेय ती!" थोरली ओरडली. "मी केलंय ते!"

"थोरल्याबाई, तुम्ही कशाला पाठीशी घालताय तिला?" शाळेत झाडणारी म्हणाली.

"पाठीशी? मी?" थोरली पुढे आली. "पाणी सोडणारा सकाळी माझ्याकडे निरोप देऊन गेला. विचारा त्याला. मी मुद्दाम सांगितलं नाही. माझं पिंप आत भरलंय, बघा जाऊन. हिचं सवयीने भरलं गेलं. हिची फजिती व्हावी म्हणून गप्प बसले मी, कळलं?"

कुणी आत जाऊन बघितलं नाही. इस्त्रीवालीने आपली बादली उचलली. "त्याला निरोप दे," ती धाकटीला म्हणाली, "फोन बिघडला तर माझ्या दुकानात येऊन सांगत जा म्हणावं. इथं नको." एकेक करून बायका दोन-दोन तांबे भरून घेऊन गेल्या. थोरलीकडे कुणी पाहिलं नाही.

धाकटी पिंपाच्या तळातलं पाणी तांब्यात काढत होती.

"कशाला सांगितलंत, ताई?" ती म्हणाली. "मी निभावून नेलं होतं की."

"तेच तर बघवेना मला," थोरली म्हणाली.