भरलेला देव

टिचकी. मधल्या बोटाच्या पेराने कोरड्या मडक्यावर वाजवलेली ती एक हलकी टिचकी माझ्या कानात अजून आहे. कामशेतच्या बाजारात कुंभारापुढे उकिडवे बसून आमचे हे प्रत्येक मडक्याला अशी टिचकी मारत, मान किंचित कलती करत, डोळे मिटत, आणि मार्गशीर्षाचं कोवळं ऊन त्यांच्या खांद्यावर निवांत पसरून राही. मी तळेगावच्या मास्तरांची लेक, जन्माची घाईची. मडकं विकत घ्यायचंय की त्याला गाणं शिकवायचंय, असं मी फणकाऱ्याने विचारी. "तडा आदी कानाला दिसतो," एवढं बोलून ते पुढच्या मडक्याकडे वळत.

हा कान त्यांना आरमाराने दिला होता. लढाईत ते जहाजावर दारूगोळ्याच्या कामावर होते, आणि जपान्यांनी हत्यारं खाली ठेवल्यावर अंदमानात त्यांच्या वाट्याला एक विलक्षण काम आलं. जपानी आरमाराने विमानं पाडण्यासाठी टेकड्यांवर रचलेले तोफगोळे वेचायचे, भरलेले कोणते नि रिकामे कोणते ते ओळखायचे, आणि भरलेले खोल समुद्राच्या स्वाधीन करायचे. त्या कामात बरोबरीच्या एकाने दोन्ही हात गमावले. हे मात्र धडधाकट परतले, गावी, औंढ्याच्या भातखाचरात उतरले, आणि त्या दिवसांविषयी चकार शब्द बोलेनासे झाले. ताटातला घास उचलण्याआधी स्वतःच्या बोटांकडे क्षणभर पाहायची सवय तेवढी त्यांच्याबरोबर घरी आली होती.

आमच्या शेजारी पारूमावशी राहायची. तिचा एकुलता एक सोपान जहाजावर स्वयंपाकी होता. रजेवर आला तेव्हा त्याने पेटीतून असलाच एक जपानी गोळा शोभेची वस्तू म्हणून आणला आणि तो घरी ठेवून पुन्हा जहाजावर गेला. त्याला वाटलं, रिकामाच आहे. हातभर उंचीचा, सहासात शेर वजनाचा, अंगाने विटकरी तांबडा, माथ्यावर पितळी टोपी, कमरेला तांब्याचा पट्टा आणि त्यावर कोरलेली अगम्य अक्षरं. पारूमावशीच्या दृष्टीने संशयाला जागाच उरली नाही. दर्याने तिच्या लेकाला सुखरूप परत धाडलं ते याच्याच हातून, आणि देव आधीच शेंदूर लावून आला होता. आम्ही बाजाराला गेलो त्या सकाळी तिने जांभळीखाली चौथरा सारवला, त्यावर त्याला उभा केला, वर आणखी दोन बोटं शेंदूर चढवला आणि दर्यादेव म्हणून गावाला पाया पडायला लावलं.

आम्ही बाजारातून परतताना हे त्या चौथऱ्यापाशी थबकले. वाकले, पितळी टोपी नीट न्याहाळली, दोन्ही तळव्यांत गोळा जेमतेम पेलून पाहिला, आणि इतक्या हळुवारपणे खाली ठेवला, जणू झोपलेलं तान्हं पोर ठेवावं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"मावशी, ह्यो भरल्याला हाय."

पारूमावशीने कौतुकाने बोटं मोडली. "व्हय रं बाबा, भरल्यालाच हाय. रिकामा देव कुनी पुजतं का?"

एका शब्दाने असा घात करावा. ह्यांनी समजावलं, पुन्हा समजावलं, आणि प्रत्येक वेळी त्या 'भरलेल्या'ने देवाचं सामर्थ्य वाढतच गेलं. वर तिनेच सांगितलं की आठ दिवसांनी सोपान रजेवर येणार, आणि तो आला की नवसाचा नारळ ती देवाच्या माथ्यावर फोडणार. बाजूच्या दगडावर नव्हे, थेट माथ्यावर, कारण नवसच तसा बोललेला.

घरी आल्यावर मी म्हटलं, लोणावळ्याला जाऊन आरमाराच्या साहेबाला कळवा, नाहीतर कुठल्या तरी तळ्यात बुडवून मोकळे व्हा. त्यांनी बाजारातून आणलेलं मडकं कोनाड्यात ठेवलं.

"साहेब कवा यील त्याचा नेम न्हाई. आन बुडवला तर पोरगं घरी यायच्या आदीच म्हातारी हाय खाईल. तिचा जीव हाय त्याच्यात."

आणि माझा जीव कशात आहे, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. लग्नाला वर्ष पुरं व्हायचं होतं. मला भीती वाटली, आणि भीतीहून कितीतरी अधिक ह्या भल्या माणसाचा संताप आला.

त्यांनी मावशीला सांगितलं की देव उग्र आहे, आधी त्याचा कोप उतरवायला हवा. हे तिला तात्काळ पटलं. मग कापणी झालेल्या आमच्या खाचरात, वस्तीपासून लांब, उंच बांधाआड देव हलला. त्याला रोज करंजाचं तेल घातलं जाऊ लागलं, पितळी टोपीची जखडलेली फिरकी सैल पडावी म्हणून. गावाला वाटे अभिषेक चालला आहे. घरोघरचं तेल येई, आणि हे एकटेच बांधापलीकडे जात. कुणी पाऊल टाकायचं नाही, कुणी शब्द काढायचा नाही, देवाला खपत नाही, असा त्यांचा दंडक होता.

सातव्या दिवशी टळटळीत दुपारी ते निघाले. मला घरी बसायला सांगितलं होतं. मी बसले नाही. शेवटच्या बांधापर्यंत गेले आणि मातीत तोंड खुपसून पडून राहिले. भाताच्या ओल्या धसकटांचा वास, वर घिरट्या घालणारी घार, मळवलीकडून आलेली आगगाडीची दूरची शिट्टी, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये पितळेवर घासणाऱ्या लोखंडाचा एक बारीक, सावकाश आवाज. तो थांबला की माझा श्वास थांबे. मग तो खरोखरच थांबला, आणि किती तरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्या शांततेत मी म्हातारी झाले असेन.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास हे बांधावर उभे राहिले. काखेत देव होता, पोकळ आणि निष्पाप, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळेजर्द. आतली दारूच तशी होती, कातडीला रंगवणारी. पण मावळतीच्या उन्हात ते हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसत होते, आणि मी हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. पारूमावशी धावत आली. तिने ते हात पाहिले आणि मटकन खाली बसून ह्यांच्याच पाया पडली.

"भंडारा," ती म्हणाली. "खंडोबा हाय ह्यो. तुला भंडारा दिला बघ त्यानं."

दुसऱ्या दिवशी सोपान आला. अवघा गाव जांभळीखाली लोटला. नारळ मावशीने एवढ्या त्वेषाने हाणला की माथ्यावर त्याची दोन शकलं झाली, पाणी चौफेर उडालं, आणि 'येळकोट येळकोट'च्या गजरात ढोलांनी खाचरं दणाणून सोडली. मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं की हा जयजयकार कुणाचा आहे. ह्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, खोबऱ्याचा प्रसाद पिवळ्या तळव्यावर घेतला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोटांकडे न बघता तोंडात टाकला.

तो पिवळा रंग उतरायला महिना लागला. पुढे त्या हातांनी माझी दोन मुलं झोपवली, भात लावला, माझ्या आजारपणात वेणीसुद्धा घातली, वाकडीतिकडी. काळ कुणाला सोडत नाही, त्याने ह्यांनाही नेलं. पण न्यायला आला तेव्हा ते म्हातारे झाले होते, आणि ते हात त्याला दहाही बोटांसकट न्यावे लागले.