दुसरा माणूस

नदीच्या घाटाच्या चढावर जोतीरामने नाथाजीला थांबायला सांगितलं. दोघांनी स्ट्रेचर जपून खाली टेकवलं. सदऱ्याच्या बाहीने मान पुसत जोतीराम तिथेच उकिडवा बसला. स्ट्रेचरवर खुब्याचं हाड मोडलेली बयाबाई पडून होती. शेजारी गुंडा एक हात कमरेवर ठेवून मोकळाच चालत आला होता.

संपाचा नववा दिवस होता. म्युनिसिपालिटीने रोगी वाहण्याचा ठेका लालासाहेबांच्या मोटारीला दिला होता. मोटारीवर ड्रायव्हरखेरीज दोन माणसं ठेवायची, असं ठेक्यात लिहिलेलं होतं. लालासाहेब एकच ठेवत. ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही, असा त्यांचा हुकूम असल्यामुळे अरुंद बोळांतून रोगी पाठीवर घेऊन एकट्या गुंडाने यायचं. माघात त्याची पाठ गेली आणि त्याला कामावरून काढलं. रात्रपाळीला तेच काम नाथाजी करी. सांगलीहून युनियनचा माणूस येऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी, गुंडाला परत घ्या, मोटारीवर दोन माणसं ठेवा म्हणून ड्रायव्हर जोतीरामने मोटार शेडमध्ये लावली ती तिथेच. रोग्यांचे हाल नकोत म्हणून तो आणि नाथाजी तेव्हापासून हातावर रोगी दवाखान्यात नेत होते.

"आता बास करा हे," गुंडा म्हणाला. "तुमी नेताय म्हणून तर त्यास्नी घाई न्हाई. रोगी पोचतोय, मग कशाला बोलावत्याल आपल्याला?"

"मग हिला काय हितंच टाकायची?" नाथाजीने विचारलं.

गुंडा नदीकडे बघत राहिला. गेले नऊ दिवस हे दोघं आपल्यापायी उन्हात राबतात, हे त्याला रोज दिसत होतं.

"मला म्युनिसिपालटीच्या वसरीत ठेवा," बयाबाई म्हणाली.

"काय म्हणता, आजी?" जोतीरामने विचारलं.

"तितं पडते. मोटार आली की मग जाईन दवाखान्यात."

"लय दुखंल."

"घरात तरी काय दुखायचं ऱ्हातंय व्हय? उचला."

लढाईत ब्रह्मदेशात तीन वर्षं जोतीरामने जखमींची गाडी चालवली होती. वाटेत कुणाला खाली ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने नाथाजीकडे पाहिलं, मग स्ट्रेचर उचललं.

ओसरीत त्यांनी बयाबाईला सावलीला ठेवलं, उशाला पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिघं समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. कचेरीत आलेली माणसं तिला वळसा घालून आत जाऊ लागली. थोड्या वेळाने चीफ ऑफिसर बाहेर आले.

"हिला इथं कोणी आणून ठेवलं?"

"मीच ठेवा म्हनले, साहेब. तुमची मोटार यायची हाय न्हवं?"

साहेबांनी शिपाई धाडला. तासाभराने लालासाहेब स्वतः मोटार चालवत आले. उतरून त्यांनी स्ट्रेचरची एक बाजू धरली आणि दुसरीकडे कोण येतंय म्हणून मान वर केली. लिंबाखालून कुणी हललं नाही. शिपाई त्या तिघांकडे बघून मागे सरकला. शेवटी चीफ ऑफिसरसाहेबांनीच कोटाच्या बाह्या सावरल्या आणि पायाकडची बाजू उचलली.

दुसऱ्या पायरीवर त्यांचा हात सुटत आला. स्ट्रेचर कललं. बयाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला, तरी तिचा कण्हण्याचा आवाज लिंबापर्यंत आला. गुंडा उठला आणि स्ट्रेचरकडे चालायला लागला. जोतीरामने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे लोटलं, पुढे होऊन साहेबांच्या हातातले दांडे घेतले, म्हातारीला मोटारीत ठेवलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. दवाखान्यात तिला उतरवून त्याने मोटार शेडमध्ये आणून लावली आणि पुन्हा लिंबाखाली येऊन बसला.

त्यानंतर चौथ्या दिवशी चीफ ऑफिसरसाहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. मोटारीवर दोन माणसं ठेवल्याशिवाय ठेका पुढे चालणार नाही, असं त्यांनी लालासाहेबांकडून लिहून घेतलं. गुंडाचं नाव मात्र कागदात आलं नाही. डॉक्टरांनी त्याला ओझं उचलायला नालायक ठरवलं होतं. जोतीराम तासभर भांडला. सांगलीचा माणूस म्हणाला, आत्ता एवढं तरी पदरात घ्या. जोतीरामने सही केली.

सोमवारी कामावर जाताना गुंडाच्या घरावरून जायला नको म्हणून तो लांबच्या वाटेने शेडवर आला. मोटारीपाशी माण भागातून आलेला नवा माणूस उभा होता. अर्जुना त्याचं नाव. खाली जमिनीवर रिकामं स्ट्रेचर होतं, आणि त्याच्या पलीकडे एका दगडावर गुंडा बसला होता.

जोतीराम दारातच थांबला. गुंडाने त्याच्याकडे पाहिलं आणि मानेनेच आत ये म्हणून खुणावलं. मग तो अर्जुनाकडे वळला.

"कमरंत वाकू नगंस," तो म्हणाला. "गुडघ्यात बस. हां. आता पुन्हा उचल."