उठवण्याची रीत

“दंडाला धरून ओढू नका, मावशी. किती वेळा सांगू? खांदा आणि कंबर एकदम वळली पाहिजे.”

“वळवते, सिस्टर. तुम्ही आधी श्वास तरी घ्या.”

सांभाळायला येणाऱ्या मावशींनी एक हात सिस्टरांच्या खांद्यामागे आणि दुसरा कंबरेमागे ठेवला आणि त्यांना अलगद कुशीवर घेतलं. पस्तीस वर्षं सिस्टरांनी हाडांच्या वॉर्डात हेच काम केलं होतं. पलंगाजवळ उभ्या राहून शिकाऊ पोरींना अशाच रागावत. आता पलंगावर त्या स्वतः होत्या, तरी रागावण्याची सवय गेली नव्हती.

पलीकडे न्हाणीघरात मुलगा भिंतीला भोकं पाडत होता. दूरच्या शहरातून वर्षाने चार दिवसांसाठी तो आला होता आणि येताना बॅग भरून सामान घेऊन आला होता. धरायच्या दांड्या, न घसरणारी पायपुसणी, पलंगाखाली आपोआप लागणारा दिवा.

“घराची व्यायामशाळा झाली,” सिस्टर म्हणाल्या. मावशी हसल्या.

या चार दिवसांत त्याने घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावला होता. फक्त आईला नाही.

कारण सिस्टरांना माहीत होतं. चार वर्षांपूर्वी दारात निरोप घेताना त्याने त्यांना घट्ट मिठी मारली होती, आणि छातीत बारीकसा ‘कट’ असा आवाज झाला होता. त्याला काही कळलं नाही. त्या हसल्या, गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या आणि मग एकट्याच रिक्षाने जाऊन एक्स-रे काढून आल्या. बरगडीला चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, हाडं आतून पोकळ झालीत. पुढे पाठीचे दोन मणके नुसत्या खोकल्याने दबले. शेजारणीने एकदा फोनवर सहज त्या बरगडीचं मुलाला सांगून टाकलं. त्यानंतर तो यायचा, खुर्ची दाराजवळ ओढून बसायचा आणि निघताना उंबऱ्यातूनच “येतो आई” म्हणायचा.

गोळ्या, इंजेक्शन, सकाळचं ऊन, सगळं वेळच्या वेळी होत होतं. मावशींचे हातही चांगले होते. पण ते कामाचे हात. वॉर्डात आपले हातही लोकांना असेच वाटले असतील का, हा विचार हल्ली दुपारी सिस्टरांच्या मनात येई.

निघायच्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला. त्यांच्या वाटेवरचा पूल बंद होता, यायला तासभर तरी लागणार होता.

“शेजारच्या काकूंना बोलावू?” मुलाने दारातूनच विचारलं.

“त्यांचेच गुडघे दुखतात. मला न्हाणीघरात जायचंय, आणि तासभर काही मी थांबू शकत नाही. तूच उठव.”

“आई, मला नको सांगूस. काही झालं तर?”

“हात धुऊन ये.”

तो हात धुऊन आला, पण पलंगापासून दोन पावलांवर थांबला. सिस्टरांनी वॉर्डातला आवाज काढला. “जवळ ये. अजून. पाय फाकवून उभा राहा, गुडघे वाकव. आता माझे गुडघे उभे कर. हां. एक हात खांद्यामागे, एक कंबरेमागे. बोटांनी धरायचं नाही, अख्खा तळवा टेकव. तीन म्हटलं की तुझ्याकडे वळव.”

तीन म्हटल्यावर त्या वळल्या. मग पाय पलंगावरून खाली सोडले, त्याने खांद्याखालून आधार दिला आणि त्या उठून बसल्या. पाठीतून कळ गेली. पण ही रोजची कळ होती. मोडल्याची कशी असते ते त्यांना ठाऊक होतं.

“दुखलं?”

“नाही. आता हात लगेच काढू नकोस. चक्कर येते का बघायचं असतं. दोन मिनिटं धरून ठेवायचं.”

एक मिनिटही पुरतं. शिकाऊ पोरींना त्या तसंच सांगत.

तो शेजारी बसला. त्याचा हात त्यांच्या पाठीच्या बाकावरून सावकाश खाली गेला, पुन्हा वर आला.

“किती लहान झालीस गं.”

“चार इंच. मोजलीय मी.”

“त्या दिवशी सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू तेव्हापासूनच दारात उभा राहिला असतास.”

त्याने मान खाली घातली. मग हळूच त्यांचं डोकं आपल्या खांद्याला टेकू दिलं. सिस्टरांनी वेळ बघितली नाही.

मावशी पोचल्या तेव्हा मुलाची टॅक्सी निघून गेली होती. सिस्टर न्हाणीघरातून येऊन पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या.

“कुणी उठवलं?”

“मुलाने.”

“नीट जमलं?”

“गुडघे कमी वाकवले. पुढच्या वर्षी सांगेन.”

त्यांच्या स्वेटरचा उजवा खांदा चुरगळून वर गोळा झाला होता. तिथे निघताना त्याने, सांगितलेलं विसरून, बोटांनी घट्ट धरलं होतं. मावशी तो सारखा करायला वाकल्या.

“असू दे,” सिस्टर म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत तशाच बसून राहिल्या.