श्रीखालची रिकामी ओळ

आत्मारामांनी एंटरची कळ दोनदा दाबली आणि संगणकाच्या काळ्या खिडकीतलं त्यांचं पत्र तिसऱ्यांदा बंद पडलं. खाली अक्षरं उमटली : ‘नोंद जतन झाली. ओळी : १.’

“तुझं हे यंत्र मला लिहूच देत नाही,” ते म्हणाले.

“अरे यार, बाबा! काल मी साठ नोंदी टाकल्या, एकही अडली नाही. तुम्ही करताय तरी काय?”

मुक्ताने घड्याळ पाहिलं. तीन वाजत आले होते. चार वाजता शेती संशोधन संस्थेतले सर तिचा प्रोग्राम ऑनलाइन पाहून तो घ्यायचा की नाही ते ठरवणार होते. शेतावरच्या लोकांनी या खिडकीत आज्ञा द्यायची आणि दिवसभराची निरीक्षणं हव्या तितक्या ओळींत लिहायची, एवढंच काम; पण सहा महिने ती त्याच्यामागे हात धुऊन लागली होती. अगदी नवख्या माणसाकडून एकदा तपासून घ्यावं म्हणून तिने वडिलांना बसवलं. हवाई दलाच्या कचेरीत टाइपरायटरवर हिंदी टाइप करण्यात त्यांची हयात गेलेली, संगणक मात्र नवा. ‘काहीही लिहा, मी लगेच पुसून टाकते,’ असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, ‘मग पत्रच लिहितो.’

“परत करा. मी बघते.”

आत्माराम ताठ बसले. मधोमध ‘श्री’ लिहिलं. एंटर. लगेच आणखी एक एंटर.

“थांबा! हे दुसरं कशाला?”

“श्रीखाली ओळ सोडायला नको? श्रीला चिकटून कुणी मजकूर लिहितं का?”

इथेच घोडं पेंड खात होतं! रिकामी ओळ आली की लिहिणाऱ्याचं संपलं, असं मुक्तानेच प्रोग्रामला शिकवलं होतं, आणि स्वतःच्या साठ नोंदींत तिने एकदाही ओळ सोडली नव्हती. सरांनी एक सोडली असती तर सगळंच मुसळ केरात.

“बाबा, तुम्ही ग्रेट आहात!” म्हणत तिने त्यांना खुर्चीसकट बाजूला सरकवलं. तिची बोटं धावू लागली. वीस मिनिटांत बदल झाला.

“आता सोडा हव्या तितक्या ओळी. संपलं की शेवटच्या ओळीत नुसतं टिंब द्यायचं.”

तिने चहा टाकला. बाहेर सब्जीवाला ओरडत होता आणि आत कळा वाजत होत्या. मध्येच त्या थांबल्या, बऱ्याच वेळाने पुन्हा वाजल्या.

“दिलं टिंब.”

ती धावतच आली. ‘ओळी : १९.’ मुक्ताने चक्क उडी मारली. रिकाम्या ओळी जागच्या जागी आहेत ना, हे पाहायला तिने नोंद उघडली. श्री. रिकामी ओळ. मग, ‘चि. विश्वजित यास अनेक आशीर्वाद.’

तिचा हात थबकला. लग्नावरून बाबांनी दादाला घराबाहेर काढलं त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नसे. पुढचं तिने वाचलं नाही.

“पुसते मग,” ती हळूच म्हणाली. “टेस्टच होती ना?”

“हो, पुस की.”

आत्माराम पिशवी घेऊन दाराशी गेले. चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

“पुसण्याआधी छापून घे,” ते जिन्याकडे पाहत म्हणाले. “आणि पाकिटावर पत्ता तू घाल. त्याचा नवीन मला ठाऊक नाही.”