चालत येणारे पेशंट

अकरा वर्षं आयसीयूत काढलेल्या त्या सिस्टरला सगळे 'फौजदार' म्हणत. तिच्या ड्युटीत एक नळी वाकडी लोंबकळत नसे, की नातेवाइकांचा गोंधळ दाराच्या आत शिरत नसे. नव्या मुली तिला वचकून असत आणि अडल्यानडल्या वेळी तिच्याच मागे लपत. तिलाही ते नाव आवडायचं. घरी नवऱ्यालासुद्धा म्हणायची, "फौजदाराशी बोलतोयस, जरा जपून."

हे असलं बोलणं नेमकं कधी आटलं, ते कुणालाच कळलं नाही. ड्युटीवरून यायची, बुटाच्या नाड्याही न सोडता पलंगाच्या कडेला बसायची आणि बसूनच राहायची. ड्युटीच्या दिवशी घरातून पाय निघत नसे, सुट्टीच्या दिवशी अंगात कणकण. मुलगी शाळेतली गंमत सांगायला लागली, की हसायचं कधी हे तिला मुलीच्या चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागे.

एका सकाळी सासऱ्यांनी बाहेरून पाणी मागितलं. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "बेड चार, थांबा जरा! येते."

"सूनबाई, मला कधी ॲडमिट केलंस?" सासरे म्हणाले. नवरा हसला, मुलगी तर खोखो हसली. ही मात्र ओटा धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बेड चारवरची आजी आदल्याच दिवशी गेली होती. ती गेली तेव्हा हिच्या मनात एवढंच आलं होतं, की चादर बदलायला हवी, पुढचा पेशंट खाली थांबलाय. दुसरं काही म्हणता काही नाही.

सासरे उठून आत आले. त्यांचं हसू मावळलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "नुसता उपसा चाललाय, पोरी. शहाणी माणसं विहिरीलासुद्धा दोन दिवस सोडतात. तुझ्या मोठ्या बाईंशी बोल."

मोठ्या बाई म्हणजे आयसीयूच्या इन्चार्ज. बोलणं काटेरी, पण नजर तीक्ष्ण. तिनं चाचरत सुरुवात केली, तर बाईंनी तिला पुरं बोलूच दिलं नाही.

"दोन महिने बघतेय. डबा उघडतेस, झाकण लावतेस, तसाच घरी नेतेस. खाली जखमांच्या ओपीडीत जागा आहे. सहा आठवडे जाऊन ये. जमलं तर बदलीचा अर्ज कर, नाही जमलं तर तुझी जागा इथंच आहे."

"पळून गेली म्हणतील, बाई."

"कोण?"

"सगळे." ती थांबली. "मीसुद्धा."

"मग आधी स्वतःचं तोंड बंद कर. बाकीच्यांची तोंडं मी बघते."

पहिला आठवडा जड गेला. तिथं ना मशिनचा आवाज, ना धावपळ. पट्ट्या, कात्र्या आणि बाकावर बसलेली माणसं. तिचे हात मात्र अजून आयसीयूच्याच वेगानं चालत होते. पाय दाखवायला दिवसाआड येणारा एक निवृत्त बस ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "बाई, सावकाश होऊ द्या. आमची गाडी सुटायला अजून अर्धा तास आहे."

त्याला साखरेचा आजार होता आणि तळपायाला चार सेंटिमीटरची जखम. दोन आठवडे ड्रेसिंग चोख होत होतं, साखर ताब्यात होती, तरी जखम तसूभर हलेना. अशी अडलेली गोष्ट सोडून द्यायचा फौजदाराचा स्वभाव नव्हता. वर असताना पेशंटचं काही बिघडलं, की ती नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत जायची. तसाच तिनं त्याचा बूट उचलला आणि आत हात घातला. टाचेच्या जरा पुढं बोटाला टोचलं. खिळ्याचं टोक वर आलं होतं, नेमकं जखमेखाली.

"हा टोचत नव्हता तुम्हाला?"

ड्रायव्हर खिळ्याकडे बघतच राहिला. "इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगायचो, बाई, आणि स्वतःच्या बुटातला खिळा कळला नाही! पाय बधिर झालाय ना. दुखत नाही, म्हणून मी आपला खूश होतो."

त्याचा तो ओशाळलेला चेहरा बघून तिला हसू आलं. कुणाकडे बघून ठरवावं न लागता आलं. मग तिच्या लक्षात आलं, की दुखत नाही म्हणून आपणही बरेच दिवस ठीकच आहोत असं समजत होतो.

नवे बूट आले आणि जखम भरायला लागली. तीन सेंटिमीटर, दोन, मग मुगाच्या दाण्याएवढी. दर खेपेला ती कागदी पट्टीनं मोजायची आणि ड्रायव्हर मान लांब करून आकडा वाचायचा. आयसीयूतून बरी झालेली माणसं स्ट्रेचरवरूनच दुसऱ्या वॉर्डात जात. पुढं त्यांचं काय झालं ते तिला क्वचितच कळे. इथं माणूस स्वतःच्या पायांनी येत होता, आणि बरं होणं कसं दिसतं ते ती आठवड्यागणिक बघत होती. संध्याकाळी डबा रिकामा घरी जायला लागला.

सहा आठवडे संपले तशी ती बदलीचा अर्ज घेऊन वर गेली. काचेपलीकडे नव्या मुली लगबगीनं काम करत होत्या. तिला वाटलं होतं, इथं येताना पुन्हा पाय मागे ओढतील. तसं झालं नाही. उलट भरून आलं. बुटात हात घालायला लावणारी, बिघाड शोधत जायची सवयही तिला याच खोलीनं लावली होती.

"बाई, तुमचे आभार कसे मानू?"

"जिने चढून आलीस, तेवढे पुरेत." बाईंनी सही केली. मग पेन खाली ठेवून जरा हळू म्हणाल्या, "तुझ्या वयाची असताना मलाही असंच झालं होतं. कुणी विचारलं नाही. पाच वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. म्हणून तुझ्यावर लक्ष ठेवलं."

"महिन्यातून एक शनिवार येते," ती म्हणाली. "मुलींना शिकवायला. चालेल?"

"चालेल म्हणजे? धावेल! आता जा खाली, माणसं खोळंबली असतील तुझी."

खरंच खोळंबली होती. बाकावर सात जण बसले होते. आठवी, एक आजी, जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभी होती. तिनं आधी आजीसाठी खुर्ची ओढली.