अठरा दिवसांचं संख्याशास्त्र

आदिलाबादच्या त्या कॉलेजनं यंदा पहिल्या वर्षाला नवी रीत आणली होती. एका वेळी एकच विषय, अठरा दिवस, रोज सहा तास. एकोणिसाव्या दिवशी परीक्षा. तीन गैरहजेऱ्या लागल्या की परीक्षा बंद, विषय सरळ पुढच्या वर्षी. देवानंद सर हा नियम असा सांगायचे, जणू पोरं नापास व्हायलाच आली आहेत. ते संख्याशास्त्र शिकवायचे इंग्रजीत. शिव्या मात्र घरच्या मराठीत.

तेराव्या दिवशी, गुरुवारी, त्यांनी हजेरीच्या मशीनची यादी वाचली.

"प्रगती. सोम, मंगळ, बुध गैरहजर. उचल दप्तर."

"सर, मी तं रोज आली."

"मग मशीन खोटं बोलते?"

रविवारी प्रगती गावी, बेल्याला, आईसोबत दिवसभर कापूस वेचत होती. वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटं पार सोलून निघाली. सोमवारपासून हजेरीच्या मशीनला तिचा अंगठा ओळखू येईना. नुसता लाल दिवा. क्लार्क म्हणाला, "रेपु रा," म्हणजे उद्या ये. तीनही दिवस तेच.

तिनं बोटं पुढे केली. सरांनी पाहिलीसुद्धा नाहीत.

"वेचणीच करायची होती, तर इथं काऊन आली?"

वर्ग हसला. प्रगतीचे कान तापले. आता डोळ्यांत पाणी आलं की हा माणूस जिंकला, एवढं तिला कळत होतं.

"सोमवारी सरासरी चुकली, तं तुमी म्हनले, तुह्या डोक्यात सरकी भरली हाय. मंगळवारी माही वही खिडकीतून फेकली. काल दोन तास उभं ठेवलं. मी नव्हती, तं हे सारं कोनाले केलं?"

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तोंड दाबून. पहिल्या बाकावरची भाग्यलक्ष्मी आजवर तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती वैतागून म्हणाली, "उभी होती सर. माझ्यापुढंच. मला फळा दिसत नव्हता."

सरांनी रजिस्टर ओढलं. तिच्या नावापुढं तीन दिवसांच्या हजेरीच्या तीन सह्या इतक्या दाबून केल्या की खालच्या पानावर उमटल्या.

"परीक्षेत बघतो तुला. चल, फळ्यावर ये!"

प्रगतीनं दप्तर बाकावर ठेवलं. दुखऱ्या बोटांत खडू धरला.

"आली सर. पन जरा मोठ्यानं ओरडा. आजबी लाल दिवाच लागला."